दचक्याची नोंद

विनोद समजावून सांगितला की मरतो, असे आपण म्हणतो. दचक्याचेही तसेच आहे. दाराआडून 'भॉक' करणाऱ्या पोराने आधीच "मी इथे उभा आहे हं" असे सांगितले तर खेळ तिथेच संपतो. तरीही विनोदाची मीमांसा करणारी पुस्तके मराठीत आहेत आणि त्यामुळे विनोदाचे काही बिघडलेले नाही. दचक्याला मात्र असा मान मिळालेला नाही. तो पोरखेळ समजला गेला, किंवा भयकथेचा आणि भयपटाचा हलका, स्वस्त अंश. इंटरनेटने हा अंश वेगळा काढला, त्याला चार-पाच सेकंदांची किंवा फार तर दोन मिनिटांची स्वतंत्र कृती बनवले आणि जगभर पाठवले. जी वस्तू एवढ्या लोकांच्या अनुभवात आहे तिची नोंद कोशात यायला हवी, हे ओघाने आलेच. ती नोंद कशी लिहायची, हा या लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न माझ्यापुढे कामातून आला. भिवंडीतील काही महाविद्यालयीन मुलामुलींबरोबर मी मराठी विकीपीडियासाठी लेख लिहिण्याची खटपट करतो. मुलांनी विषय स्वतः निवडायचे, मी भाषा आणि संदर्भ तपासायचे, अशी वाटणी आहे. मी यंत्रमाग, वऱ्हाळा तलाव, लोनाडची लेणी असे विषय सुचवले होते. त्यांतले काही झाले. पण एका गटाने इंटरनेटवरच्या दचकवणाऱ्या चित्रफितींवर लिहायचे ठरवले आणि तीन मसुदे आणून दिले. त्या मसुद्यांवर लाल शाई चालवताना लक्षात आले, की इथे शुद्धलेखनापेक्षा मोठे काही अडले आहे. एका मसुद्याने मलाच घाबरवायचा प्रयत्न केला होता, दुसऱ्याने मला शेवटपर्यंत काहीच सांगितले नव्हते आणि तिसऱ्याने इतक्या सूचना दिल्या होत्या, की मूळ चित्रफितीपेक्षा त्या सूचनांचीच धास्ती वाटावी. तिघांचेही हेतू चांगले होते. कमी होती ती रीतीची.

शब्दापासून सुरुवात

पहिला प्रश्न नावाचा. इंग्रजीतला 'जम्प स्केअर' हा शब्द मुलांच्या तोंडी आहे आणि लेखात तो यायलाच हवा. पण व्याख्या करताना मराठी शब्द लागतो. घाबरणे, भेदरणे, बिचकणे, धसका घेणे, थरकाप उडणे आणि दचकणे ही क्रियापदे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. धसका मनात राहतो, कधी वर्षानुवर्षे. बिचकणारा माणूस पुढे काय होईल याचा अंदाज घेत असतो. दचकणाऱ्याला मात्र अंदाज घ्यायला वेळच मिळालेला नसतो. आमच्या गटात मराठीबरोबर उर्दू आणि तेलुगू घरांतली मुले आहेत. त्यांना विचारले तर 'चौंकना' आणि 'उलिक्किपडु' हे शब्द ताबडतोब मिळाले आणि दोन्हींत हाच अर्थ निघाला. मराठीत 'दचका' हे नाम आणखी एका कारणाने उपयोगी आहे. खड्ड्यातून रिक्षा गेली की दचका बसतो, असे आपण म्हणतो. त्यात भीती नसते, अंगाला बसलेला हिसका असतो. भिवंडीच्या रस्त्यांवर रोज फिरणाऱ्याला हा अर्थ समजावून द्यावा लागत नाही.

शरीराच्या बाजूने पाहिले तरी हेच दिसते. कार्नी लँडिस आणि विल्यम हंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९३९ साली दचकण्याच्या प्रतिक्रियेवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. पिस्तुलाच्या आवाजाने माणसे कशी दचकतात हे त्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपले होते. पापण्या मिटतात, मान पुढे जाते, खांदे उचलले जातात, कोपर आणि गुडघे वाकतात. मोठ्या आवाजाने पापणी मिटायला सेकंदाच्या विसाव्या हिश्शाइतकाही वेळ लागत नाही. एवढ्या वेळात विचार होऊ शकत नाही. भीती वाटली म्हणून माणूस दचकला असे आपण सहज लिहितो, पण क्रम उलटा आहे. माणूस आधी दचकतो आणि मग, कारण समजले नाही तर, घाबरतो.

भरताची फोड

ही फोड आपल्याकडे जुनी आहे. भयानक रसाचा स्थायी भाव भय, हे साहित्याचा विद्यार्थी पाठ करतो. पण नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात तेहतीस व्यभिचारी भावांमध्ये 'त्रास' नावाचा एक वेगळा भाव आहे, तो सहसा पाठ करून विसरला जातो. वीज कोसळणे, उल्कापात, मेघगर्जना, मोठ्या प्राण्यांचे आवाज ही त्याची कारणे भरताने दिली आहेत. म्हणजे जे अचानक येते आणि कानाडोळ्यांवर आदळते ते. अंग आक्रसणे, कंप, रोमांच ही त्याची शरीरावरची लक्षणे. लँडिस आणि हंट यांच्या यादीशेजारी ही यादी ठेवून पाहावी.

सोळाव्या शतकात रूप गोस्वामींनी 'भक्तिरसामृतसिंधु'त त्रास आणि भय यांतला फरक आणखी नेमका केला. अचानक मनाला कंप सुटतो आणि अंग थरारते तो त्रास. मागचापुढचा विचार करून जे उपजते ते भय, आणि म्हणून ते त्रासाहून वेगळे. या भेदात विचाराला दिलेली जागा मला फार महत्त्वाची वाटते. त्रासात विचार नसतो. त्याला विचार येऊन मिळाला की पुढचे काही घडते. तो विचार कोणी दिला, खरा दिला की खोटा, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. मराठीत 'त्रास' हा शब्द आज उपद्रव या अर्थाने उरला आहे. दचकवणारी चित्रफीत कुणी न सांगता पाठवली तर दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात.

या भेदाच्या उजेडात दोन प्रसिद्ध उदाहरणे पाहू. २००३ साली जेरेमी विंटरोड या अमेरिकन तरुणाने 'द मेझ' नावाचा एक छोटा खेळ इंटरनेटवर ठेवला. एक ठिपका भिंतींना न लावता अरुंद वाटेने पुढे न्यायचा. तिसऱ्या टप्प्यावर वाट इतकी बारीक होते, की खेळणारा नकळत पडद्याजवळ सरकतो. त्याच क्षणी किंकाळीसह एक विद्रूप चेहरा पडदाभर येतो. हा चेहरा 'द एक्झॉर्सिस्ट' या १९७३ च्या चित्रपटातील रेगन या मुलीचा आहे, भूमिका लिंडा ब्लेअरची. चित्रपटात तो चेहरा येण्याआधी आई, घर, डॉक्टर, तपासण्या, धर्मगुरू असा दीर्घ प्रवास होतो. प्रेक्षकाकडे मागचापुढचा विचार भरपूर असतो आणि म्हणून तिथे भय आहे. खेळात तोच चेहरा सगळ्या संदर्भांतून उपटून लावला आहे. उरतो तो केवळ त्रास.

दुसरे उदाहरण के-फी या जर्मन कॉफीपेयाच्या २००४ च्या सुमाराच्या जाहिरातींचे. हिरव्या टेकड्यांतून वळणे घेत एक मोटार शांतपणे चालली आहे, मागे मंद संगीत आहे, आणि एकाएकी एक भयंकर चेहरा किंचाळत समोर येतो. इतकी झोप उडवणारे हे पेय आहे, असा शेवटी जाहिरातीचा विनोद. पण ही चित्रफीत ईमेलमधून फिरू लागली तेव्हा तिच्या दारावरची पाटी बदलली. चित्रीकरण चालू असताना मोटारीशेजारी धुक्यासारखे काहीतरी दिसले, नीट निरखून पाहा, आवाज वाढवा, असे सांगून ती पाठवली जाऊ लागली. जाहिरातीचा विनोद मागे पडला आणि भुताची कहाणी पुढे आली. रूप गोस्वामींच्या भाषेत, त्रासाला कुणीतरी खोटा मागचापुढचा विचार जोडून दिला.

दोन्ही उदाहरणांतून नोंद लिहिणाऱ्यासाठी एक गोष्ट निघते. कृतीचे कौशल्य चेहऱ्यात नसते, चेहऱ्याच्या आधी जे असते त्यात असते: अरुंद होत जाणारी वाट, मंद संगीत, 'निरखून पाहा' ही आज्ञा. यंत्रमागांच्या गावात राहणाऱ्याला हे वेगळ्या तऱ्हेने ठाऊक असते. इथे खटखटाटाने कुणी दचकत नाही. वीज गेली आणि सगळे माग एकदम थांबले, की झोपलेले मूल दचकून जागे होते. दचका पार्श्वभूमी मोडण्यात असतो. म्हणून ज्या नोंदीत पार्श्वभूमीचे वर्णन नाही आणि फक्त 'अत्यंत भयानक चेहरा येतो' एवढेच आहे, त्या नोंदीने कृतीचे वर्णन केलेलेच नाही.

शाळामास्तरांचा कित्ता

घाबरवणाऱ्या गोष्टींची नोंद कशी घ्यावी याचा एक नमुना आपल्या जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी तयार झाला होता. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांना लोकसमजुती गोळा करण्याचा नाद होता. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी त्यांचा वध केला, ते प्रकरण सर्वांना माहीत आहे. त्यांच्यामागे उरलेली टिपणे आर. ई. एंथोवेन यांनी हाती घेतली. लोकसमजुतींविषयीच्या प्रश्नावल्यांना गावोगावच्या शाळामास्तरांनी लिहून पाठवलेली उत्तरे संकलित करून कोकणचा खंड १९१५ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९२४ मध्ये एंथोवेन यांचे मुंबई इलाख्याच्या लोकविद्येवरचे मोठे पुस्तक आले. भिवंडी ज्या ठाणे जिल्ह्यात येते, तिथल्या मास्तरांचाही या कामात वाटा आहे.

त्या कोकण खंडातली भुतांची प्रकरणे वाचून पाहावीत. वेताळ, समंध, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, जखीण, लावसट, हडळ अशी सगळी मंडळी तिथे हजर आहेत, पण वाचताना अंगावर काटा येत नाही. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंज होण्याआधी वारलेला मुलगा, तो पिंपळावर राहतो, अशी माहिती सरळ वाक्यांत येते. कोण, कशामुळे, कुठे राहतो, कुणाला धरतो, उपाय काय मानतात, असा क्रम असतो. विशेषणे नाहीत. 'असे मानतात' आणि 'असे आहे' यांत गल्लत नाही. विधानाखाली तळटीप असते आणि तीत मास्तरांच्या गावाचा उल्लेख असतो, म्हणजे समजूत कुठली हे वाचकाला कळते. वसाहतकाळातल्या या संकलनाचे दोष दाखवता येतील. प्रश्न साहेबाचे होते, उत्तरे इंग्रजीत छापली गेली, आणि आदिवासी पाड्यांच्या समजुती त्यांच्या स्वतःच्या शब्दांत आल्या नाहीत. पण ज्या मास्तरांच्या गावात तो पिंपळ उभा होता, आणि ज्यांच्या वर्गातली पोरे त्या पिंपळाखालून जायला भीत होती, त्यांनी भीतीत भर न घालता भीतीविषयी लिहिले. विकीपीडियावर लिहिणाऱ्या माझ्या मुलांना मी हाच कित्ता दिला.

सूचना द्यावी की न द्यावी

तिसऱ्या मसुद्याचा प्रश्न अधिक अवघड होता. त्यात प्रत्येक परिच्छेदाआधी 'सावधान', 'कमकुवत हृदयाच्या व्यक्तींनी पुढे वाचू नये' अशा पाट्या होत्या. इंग्रजी विकीपीडियाने या प्रश्नावर बरीच डोकेफोड केलेली आहे. तिथे 'पुढे कथानक उघड होते' अशा सूचना लावण्याची प्रथा होती. २००७ मध्ये दीर्घ वादानंतर ती मोडीत निघाली. कोशात कथानक असणारच, त्याची वेगळी दवंडी कशाला, असा युक्तिवाद होता. लेखाच्या आत इशारे द्यायचे नाहीत, हेही तिथले धोरण आहे. या धोरणाचा फटका अगाथा ख्रिस्ती यांच्या 'द माउसट्रॅप' या नाटकाला बसला. १९५२ पासून लंडनमध्ये चालणाऱ्या या नाटकाचे प्रेक्षक खुनी कोण हे बाहेर सांगत नाहीत, असा संकेत आहे. विकीपीडियाने ते सांगून टाकले आणि २०१० मध्ये लेखिकेच्या नातवाने जाहीर नाराजी व्यक्त केली. कोशाने काही ते वाक्य काढले नाही.

रहस्यकथेच्या बाबतीत दोन्ही बाजूंना वजन आहे. कुणी खुनी लपवला म्हणून वाचकाचे नुकसान होत नाही, आणि उघड केल्याने त्याचा आनंद मात्र जातो. दचक्याच्या बाबतीत पारडे फिरते. इथे लपवल्याने इजा होऊ शकते आणि उघड करणे हीच सूचना ठरते. 'सावधान' या पाटीत माहिती नसते. 'चित्रफितीच्या पंधराव्या सेकंदाला किंकाळीसह विद्रूप चेहरा दिसतो' या वाक्यात ती असते. पहिल्या वाक्याने वाचक ताणला जातो, दुसऱ्याने सैल होतो. म्हणून सूचनेची वेगळी पाटी नको, पण दचका कुठे आहे हे लेखाच्या पहिल्या दोन वाक्यांतच यावे, असा निष्कर्ष मी काढला. व्याख्या नीट लिहिली की सूचना तिच्यातच सामावते.

पाट्यांचा अतिरेक किती उलटू शकतो याचे उदाहरण २०१८ आणि २०१९ मधले आहे. केइसुके आइसो या जपानी कलाकाराने केलेले पक्षीस्त्रीचे एक शिल्प २०१६ मध्ये टोकियोच्या एका दालनात मांडले होते. त्याचे छायाचित्र 'मोमो' या नावाने फिरू लागले. हा चेहरा मुलांना आत्मघातकी आज्ञा देतो अशी वदंता पसरली. शाळांनी, पोलिसांनी, वृत्तपत्रांनी इशारे दिले आणि प्रत्येक इशाऱ्याबरोबर तो चेहरा छापला. ज्या मुलांनी तो पाहिलाही नव्हता, त्यांना तो इशाऱ्यातून भेटला. पुढे ब्रिटनमधल्या बालकल्याण संस्थांनीच सांगितले, की अशा आज्ञांमुळे इजा झाल्याचा पुरावा नाही आणि इशाऱ्यांचाच उपद्रव अधिक आहे.

याहून गंभीर उदाहरण जपानचेच आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी 'पोकेमॉन' मालिकेच्या एका भागात लाल आणि निळा प्रकाश अतिवेगाने लुकलुकला. सुमारे ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावे लागले, काहींना झटके आले. त्या रात्री बातम्यांत हा प्रकार सांगताना तेच दृश्य पुन्हा दाखवले गेले आणि आणखी काही मुले आजारी पडली. बातमी खरी होती, तळमळही खरी असेल, पण सांगण्याच्या नादात घटना पुन्हा घडवली गेली. नोंद लिहिणाऱ्याने हा प्रसंग विसरू नये. आपण ज्याची नोंद घेतो ते नोंदीत पुन्हा घडता कामा नये. म्हणून लेखाच्या माथ्यावर तो चेहरा लावायचा नाही, आपोआप सुरू होणारी चित्रफीत जोडायची नाही आणि लुकलुकणाऱ्या प्रकाशाचा उल्लेख पहिल्या परिच्छेदातच करायचा.

तीन मसुद्यांची तपासणी

आता मसुद्यांकडे वळू. पहिल्या मसुद्यातले एक वाक्य असे होते: "शांत रस्ता, सुंदर निसर्ग, आणि मग... अचानक...!!!" लेखकाने नोंदीतच दचका उभारायचा प्रयत्न केला आहे. टिंबे आणि उद्गारचिन्हे हे कागदावरचे 'भॉक' आहे. कोशाची भाषा कृतीची नक्कल करू लागली की वाचकाने विश्वास कोणावर ठेवायचा? ते वाक्य आम्ही असे केले: "चित्रफितीत हिरव्या टेकड्यांतून जाणारी मोटार दिसते. संगीत मंद आहे. ती झाडांआड गेल्यावर किंचाळणारा चेहरा पडदाभर येतो." सौंदर्य गेले म्हणून मुलगा हिरमुसला. पण आता वाक्यात मोटार, संगीत, जागा आणि क्षण आहे. आधी फक्त लेखकाचा उत्साह होता.

दुसऱ्या मसुद्यात लिहिले होते, "ही चित्रफीत पाहून अनेकांना हृदयविकाराचे झटके आले." कुठे, कधी, कुणी सांगितले? उत्तर आले, सगळीकडे असेच म्हणतात. 'असे म्हणतात' हे शाळामास्तरांनाही चालायचे, पण तिथे ते समजूत म्हणून नोंदले जायचे आणि गावाचे नाव जोडले जायचे. आपण ते घटना म्हणून लिहीत होतो. दचकवणाऱ्या चित्रफितींची सगळी ख्याती अशा वाक्यांवर उभी असते. बनवणाऱ्याला हेच हवे असते, की लोकांनी म्हणावे, याने माणसे मरतात. वाक्याला भक्कम आधार नसेल तर ते काढायचे. नुसते 'कथितरीत्या' जोडून ते वाचवायचे नाही.

त्याच मसुद्यात रडणाऱ्या एका लहान मुलाची हकिकत होती. 'द मेझ' खेळायला मुलांना बसवायचे, मागून कॅमेरा धरायचा आणि त्यांचे किंचाळणे जगाला दाखवायचे, असा प्रकार यूट्यूबच्या सुरुवातीच्या वर्षांत फार झाला. मसुद्यात त्या मुलाचे नाव, गाव, वय सगळे दिले होते, कारण ते मिळत होते. मी विचारले, याने खेळाविषयी काय नवे कळते? काहीच नाही. ते मूल आता मोठे झाले असेल आणि आपल्या नावाने शोधल्यावर पहिल्यांदा आपले रडणेच सापडावे, असे त्याला वाटत नसेल. कृतीच्या कर्त्याचे नाव नोंदीत यावे, कृतीने गांजलेल्याचे नको. हा नियम माझ्या मते संदर्भांच्या नियमाइतकाच पक्का असावा.

तिसऱ्या मसुद्यातल्या पाट्या गेल्या, हे वर आलेच. त्यात आणखी एक सवय होती, ती भीतीचे मोजमाप करण्याची: 'दहापैकी नऊ', 'सर्वांत भयानक'. इंग्रजीत केवळ अशा चित्रफितींना वाहिलेले विकी आहेत आणि हौशी लेखक असे क्रम लावतात. हौस म्हणून ठीक आहे. समीक्षेत मात्र गुण देण्याआधी कारण द्यावे लागते. 'सर्वांत भयानक' ऐवजी 'आवाज वाढवायला सांगून मग किंकाळी ऐकवली आहे' असे लिहिले, तर वाचक स्वतःच ठरवू शकतो.

खोटा मागचापुढचा विचार

या सगळ्या काटेकोरपणाची गरज काय, शेवटी हा पोरांचा चावटपणा आहे, असे कुणी म्हणेल. माझे उत्तर २०१८ च्या उन्हाळ्यात आहे. त्या वर्षी देशभर एक चित्रफीत मोबाइलवरून फिरत होती. गल्लीत मुले क्रिकेट खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि पळून जातात. पाहणारा दचकतो. मूळ चित्रफीत कराचीतल्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवली होती. तिच्या शेवटी ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि हातातला फलक उलगडून दाखवतात, की मूल पळवायला किती कमी वेळ लागतो. फिरणाऱ्या प्रतीत हा शेवट कापला होता. त्याजागी आपल्याच भागात मुले पळवणारी टोळी आली आहे, असा मजकूर जोडलेला असे. अशी इतरही छायाचित्रे आणि ध्वनिफिती फिरत होत्या.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावी, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मारून टाकले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातले होते. त्याच दिवशी मालेगावात अशाच संशयावरून जमावाच्या तावडीत सापडलेल्या पाच जणांना पोलिसांनी वाचवले. त्या महिन्यात व्हॉट्सअॅपने पुढे पाठवलेल्या संदेशांवर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एकाच वेळी पाचपेक्षा अधिक जणांना संदेश पुढे पाठवण्यावर मर्यादा आणण्याचे जाहीर केले.

राईनपाड्याच्या जमावाने नेमके काय पाहिले होते यावर मला काही सिद्ध करायचे नाही. त्या हत्येची कारणे एका चित्रफितीत मावणारी नाहीत. भटक्या समाजाविषयीचा जुना संशय, ओळखीच्या कागदांचे न जुळणे आणि जमावाचे स्वतःचे गणित असे बरेच काही त्यात आहे. मी फक्त रचनेकडे बोट दाखवतो. ईमेलमधली मोटारीची चित्रफीत आणि कराचीची कापलेली चित्रफीत यांची रचना एकच आहे. कृतीचा मूळ हेतू झाकायचा, त्याजागी खोटा मागचापुढचा विचार चिकटवायचा आणि पाहणाऱ्याला अंगाच्या प्रतिक्रियेवर सोडून द्यायचे. पहिल्या बाबतीत फळ म्हणून हशा मिळाला. दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी ज्या हवेत फिरत होत्या, त्या हवेत माणसे मेली. त्रासाचे भय होते आणि भयाचे हत्यार होते, ते या चिकटवण्यातून.

आणि इथेच नोंदीचे काम आहे. कापलेला शेवट परत जोडणे हे कोशकाराचे काम आहे. चित्रफीत कोणी केली, कधी केली, कशासाठी केली, पुढे तिचे काय काय झाले आणि शेवटी मूळात काय होते, हे सरळ मराठीत लिहून ठेवणे. ज्याच्या मोबाइलवर ती प्रत रात्री अकराला येते, त्याने शोध घेतला तर त्याच्या भाषेत त्याला हे मिळाले पाहिजे. मराठी विकीपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, म्हणजे 'द मेझ'च्याच वर्षी. दचके मराठी माणसापर्यंत पोहोचायला भाषेची अडचण कधीच आली नाही. त्यांचे स्पष्टीकरण मात्र बहुतांशी इंग्रजीत राहिले. हे अंतर भरून काढायला प्रतिभा लागत नाही, चिकाटी लागते.

आनंदाचा प्रश्न

एक आक्षेप उरतो आणि तो मला आवडतो. अशाने मजा जाईल. दिवाळी अंकाच्या वाचकाला तर हा आक्षेप पटेलच. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथा दिवे मालवून वाचलेल्या पिढ्या आपल्यात आहेत. पण त्यांच्या कथांचा आनंद मुळात दचक्याचा नव्हताच. छापील पान वाचकावर उडी घेऊ शकत नाही. वाचक स्वतःच्या वेगाने वाचतो, हवे तिथे थांबतो, पुस्तक मिटतो, पुन्हा उघडतो. म्हणून मराठी भयकथेला मागचापुढचा विचार रचावा लागला: घर, माणसे, त्यांचे जुने व्यवहार, एखादी न उघडलेली खोली. शेवट माहीत असूनही त्यातल्या चांगल्या कथा पुन्हा वाचल्या जातात, हा पुरावा पुरेसा आहे. भय पुनर्वाचनाला टिकते. त्रास दुसऱ्या खेपेला उरत नाही.

आणि दचक्याचा जो खरा आनंद आहे तो नोंदीने जात नाही. दाराआडून 'भॉक' करणारे पोर आणि त्याला माहीत असूनही दचकल्याचे सोंग करणारी आजी यांच्यात एक करार असतो. दोघांना सगळे ठाऊक असते. सुतळी बॉम्ब लावणारा 'लावलाय रे' अशी आरोळी देतो, आजूबाजूचे कानांत बोटे घालतात, तरी आवाजाला सगळे दचकतात आणि हसतात. आरोळीने मजा कमी झाल्याचे ऐकिवात नाही. आरोळी न देता कुणाच्या पायाशी बॉम्ब टाकला, तर त्याला आपण मजा म्हणत नाही. नोंद ही अशी आरोळी आहे. ज्याला बघायचे आहे तो बघेलच, पण कानांत बोटे घालायची की नाहीत हे तो स्वतः ठरवेल.

आमच्या गटाचे तीन मसुदे आता एक लेख झाले आहेत. त्यात उद्गारचिन्ह नाही, चेहऱ्याचे चित्र नाही, कुणाही मुलाचे नाव नाही. दचका पहिल्या परिच्छेदात सांगितला आहे आणि बाकीचे परिच्छेद तो कसा रचला जातो, कुठून आला, कोणत्या खोट्या पाट्या लावून फिरला याचे आहेत. वाचणाऱ्याला तो जरा कोरडा वाटेल. कोकणातल्या भुतांवर लिहिणारे मास्तरही कोरडेच वाटतात. पिंपळाखालून जाण्याआधी मात्र त्यांचे पान वाचलेले बरे असते.